जुनी लेन्स घरी उघडताना: खोलणे, पुसणे आणि परत जुळवणे

जुनी मॅन्युअल लेन्स उघडणे तसे सोपे आहे. काही स्क्रू काढले, दोन-तीन कड्या फिरवल्या की ती टेबलावर सुटी होते. खरी अडचण परत जुळवताना येते. कोणती काच कुठल्या तोंडाने बसली होती, आखूड स्क्रू कोणत्या भोकातला, आटे नेमके कुठे सुटले, या तीन प्रश्नांची उत्तरे हाताशी नसली की चकचकीत पुसलेली लेन्ससुद्धा निकामी होते. म्हणून खाली पुसण्याइतकाच भर खुणा करण्यावर आहे. घाई होत असेल तर एक वेळ पुसण्यात कसर राहू द्या, खुणांमध्ये नको.

आधी दोष ओळखा

अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपर्चर (उजेड कमी-जास्त करणारे पात्यांचे भोक) पूर्ण उघडा, टॉर्च लेन्सच्या मागे जरा तिरका धरा आणि पुढून आत पाहा. मग उलट करा: टॉर्च पुढे, डोळा मागे. टॉर्च सरळ धरला तर डोळे दिपतात आणि काचेवरचा पातळ थर दिसतच नाही.

सुटे चमकते ठिपके म्हणजे धूळ. ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते आणि फोटोत उतरत नाही. निव्वळ धुळीसाठी लेन्स उघडू नका. अनेकदा जितकी निघते त्याहून जास्त नवी आत शिरते.

फांद्या फुटलेले बारीक धागे, बहुधा कडेकडून मध्याकडे सरकलेले, ही बुरशी. ही दिसली की थांबू नका, लगेच काढा, कारण तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरचे कोटिंग आणि पुढे काचही खाते.

दुधाळ पडदा दिसला तर तो धुरकटपणा. हेलिकॉइडमधल्या, म्हणजे फोकस फिरवताना लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आटेदार नळ्यांमधल्या, ग्रीसचे तेल वर्षानुवर्षे हळूहळू उडून काचांवर बसते. अशा लेन्सचे फोटो फिके येतात आणि समोर उजेड असला की सगळे चित्र पांढुरके होते. पुसल्यानंतर फरक सर्वांत ठळक दिसतो तो याच दोषात.

अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर ओले चमकते डाग म्हणजे तेल. साध्या हाताने फिरवायच्या अ‍ॅपर्चरमध्ये त्याने लगेच बिघडत नाही, पण फोटो काढताना आपोआप मिटणाऱ्या ऑटो अ‍ॅपर्चरमध्ये पाती चिकटून उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतो.

काचेच्या कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंग किंवा चंद्रकोरीसारखा डाग दिसला तर दोन चिकटवलेल्या काचांमधला कॅनडा बाल्सम हा पारदर्शक डिंक सुटू लागला आहे. हे घरचे काम नाही. काचा वेगळ्या करून पुन्हा एका अक्षात चिकटवाव्या लागतात. डाग कडेलाच असेल तर लेन्स तशीच वापरा.

काच पिवळट-तपकिरी असेल तर पुसून काही होणार नाही. सात काचांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि तिच्यासारख्या काही लेन्समध्ये थोरियम असलेली काच आहे, ती किरणोत्साराने आतून पिवळी पडते. अतिनील एलईडीखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवताना एक बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने बंद करा, नाहीतर लेन्स ऊन एका बिंदूवर आणून आग लावू शकते. ही काच घासू-तासू मात्र कधीही नये.

दोष सापडला की एकच नियम: फक्त तिथपर्यंतच उघडा. मागच्या काचेवर बुरशी असेल तर पुढच्या कडीला हात लावायचे कारण नाही, आणि फोकस सहज फिरत असेल तर हेलिकॉइडला स्पर्शही नको.

पहिली लेन्स कोणती

ठरावीक फोकल लेंग्थची, हाताने फोकस करायची, ५० मिमीच्या आसपासची लेन्स घ्या. टेसार पद्धतीच्या लेन्समध्ये तीन गटांत चारच काचा असतात. इंडस्टार-५० ही त्यातली. हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) ही चार गटांत सहा काचांची, जर्मन बिओटारवरून बनवलेली सोव्हिएत लेन्स आहे. तिची बांधणी धातूची आहे आणि अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचे असल्याने आत नाजूक कळा नाहीत. पहिल्यांदा झूम, ऑटोफोकस किंवा आत शटर असलेली लेन्स उघडू नका. ज्या लेन्सवर जीव आहे तीही नको. आधीच ओरखडे असलेली, बिघडली तरी चालेल अशी घ्या.

साधने

स्क्रू ड्रायव्हरकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. जपानी लेन्सवरचे फुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात बसतो खरा, पण तळाला टेकत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि फुली गोल करून टाकतो. जेआयएस ०००, ०० आणि ० हे तीन, आणि सपाट टोकाचे १, १.४ व २ मिमी, एवढ्यात बहुतेक काम भागते.

कड्या काढायला दोन टोकांचा लेन्स स्पॅनर लागतो. लेन्सचे नाव कोरलेली, खाचा नसलेली पुढची कडी रबराच्या बुचाने दाबून फिरवायची असते. त्याशिवाय रबरी ब्लोअर, प्लास्टिकचा चिमटा, टोकदार खुणपेन्सिल, व्हर्नियर कॅलिपर, नायट्राइलचे हातमोजे, लाकडी दातकोरण्या आणि धागे न सोडणारे लेन्स टिश्यू लागतात. द्रव दोन: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेसाठी, लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था धातूसाठी. अ‍ॅसिटोन फक्त अडलेल्या स्क्रूवर थेंबभर, कारण ते प्लास्टिक विरघळवते आणि कोरलेल्या आकड्यांचा रंगही उडवते.

टेबलावर कडा दुमडलेले फिकट कापड अंथरा, म्हणजे स्क्रू घरंगळून खाली पडणार नाही. पंखा बंद ठेवा. चुंबकीय स्क्रू ड्रायव्हरवर विसंबू नका, आतले बरेच स्क्रू पितळेचे असतात आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत.

खुणा

उघडण्याआधी लेन्स कॅमेऱ्याला लावून फोकस इन्फिनिटीवर, म्हणजे सर्वांत लांबच्या अंतराच्या ∞ खुणेवर, न्या आणि एक-दोन किलोमीटर लांबची वस्तू नीट दिसते का ते पाहा. मिररलेस कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी) वापरत असाल तर तोच अ‍ॅडॉप्टर शेवटीही वापरा. बरेच अ‍ॅडॉप्टर मापापेक्षा किंचित बुटके असतात, त्यामुळे इन्फिनिटीची जागा खुणेच्या थोडी अलीकडे येते. तो दोष लेन्सचा नसतो. खुणेच्या किती अलीकडे नीट दिसते ते लिहून ठेवा.

मग लेन्स इन्फिनिटीवरच ठेवून कॅमेऱ्याला टेकणाऱ्या मागच्या पत्र्यापासून पुढच्या कडेपर्यंतची उंची कॅलिपरने मोजा, ०.१ मिमीपर्यंत. एका ओळीत लिहिलेला हा आकडा शेवटी सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

कागदावर लेन्सचे साधे गोल चित्र काढा, त्यावर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक स्क्रू निघाला की चित्रात त्याच जागी चिकटवा. एकाच कडीतले तीन स्क्रूसुद्धा वेगळ्या लांबीचे असू शकतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो आतल्या नळीवर टेकून फोकस अडकवतो. प्रत्येक पायरीला फोन लेन्सच्या बरोबर वर धरून फोटो काढा; तिरक्या फोटोत खाचेची जागा फसवते.

स्क्रू आणि कड्या

स्क्रू काढताना बहुतेक जोर खाली दाबण्यात गेला पाहिजे, फिरवण्यात थोडासाच. स्क्रू हलत नसेल तर समजा की तो लाखेने किंवा रंगाने बसवला आहे. दातकोरणीच्या टोकाने त्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब सोडा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा एकदा तसेच करा. तरीही नाही, तर सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्याला लावा. लाख मऊ पडते. जवळ काच असेल तर हा उपाय टाळा, असमान उष्णतेने काच तडकू शकते.

फोकसच्या आणि अ‍ॅपर्चरच्या कडीवर बारीक, डोके नसलेले ग्रब स्क्रू असतात, बहुधा तीन. ते पूर्ण काढायची गरज क्वचितच असते. दोन-तीन आटे सैल केले की कडी निघते आणि स्क्रू कडीतच सुरक्षित राहतात.

अ‍ॅपर्चरची कडी उचलताना सावध राहा. खटखट आवाज करणारी कडी असेल तर तिच्याखाली एक-दीड मिमीची पोलादी गोळी असते, कधी स्प्रिंगवर, कधी पत्र्याच्या पातळ पट्टीवर. कडी उचलली की ती उडते आणि मग सापडत नाही. त्यासाठी ही पायरी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

स्पॅनर वापरताना टोकांमधले अंतर खाचांच्या मापाने लावून पेच घट्ट आवळा. काचेवर मधोमध जाड कागदाची चकती ठेवा. स्पॅनर सटकला तर ओरखडा कागदावर पडेल. लेन्स रबरी चटईवर दाबून धरा, स्पॅनर उभा ठेवा आणि सावकाश फिरवा. कडी हलत नसेल तर हेअर ड्रायरने बाहेरचा धातू हाताला कोमट लागेल इतका तापवा. त्यापुढे जोर वाढवू नका, कारण खाच फाटली की पुढचे सगळे काम दुप्पट अवघड होते.

काचा काढणे

नवखे लोक इथे गरजेपेक्षा जास्त खोलतात. ५० मिमीच्या बहुतेक एफ/१.४ ते एफ/२ लेन्समध्ये अ‍ॅपर्चरच्या पुढे एक आणि मागे एक असे काचांचे दोन संच असतात, प्रत्येक आपापल्या धातूच्या डबीत. तेलाची वाफ सर्वांत जास्त बसते ती अ‍ॅपर्चरकडे तोंड असलेल्या दोन खोलगट पृष्ठांवर. मागची डबी एका बाजूने, पुढची दुसऱ्या बाजूने अख्खी काढली तर या दोन्ही पृष्ठांपर्यंत पोचता येते आणि डबीतली एकही काच सुटी करावी लागत नाही. धुरकटपणाची कितीतरी प्रकरणे इथेच मिटतात. डबीच्या आतल्या काचांमध्ये बुरशी असेल तरच पुढे जा.

डबीखाली कधी पातळ धातूची वलये असतात. ती अंतर नेमके ठेवण्यासाठी कारखान्यात निवडून बसवलेली असतात. एखादे हरवले किंवा जागा बदलली तर लेन्सची धार जाते.

काच सुटी काढायची असेल तर डबी मऊ टिश्यूवर उलटी ठेवा आणि डबीच उचला. काच टिश्यूवर राहते. बाहेर येताच तिच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढा, टोक नेहमी लेन्सच्या पुढच्या बाजूला, आणि बाणाशेजारी क्रमांक लिहा. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या फुगीर असलेल्या काचा असतात, त्या नजरेने ओळखता येत नाहीत. काच उलटी बसली तरी लेन्स जुळते, फिरते, सगळे ठीक वाटते. फक्त फोटोच्या कडा पाण्यात बुडाल्यासारख्या येतात.

पुसणे

आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग द्रव. हा क्रम मोडू नका. धुळीचा एक कण टिश्यूखाली सापडला तरी तो वाळूच्या कागदासारखा फिरतो.

द्रव थेट काचेवर कधीही टाकू नका. तो कडेतून आत ओढला जातो आणि चिकटवलेल्या जोडापर्यंत पोचतो. टिश्यूची घडी करा, टोकाला अल्कोहोलचे दोन थेंब द्या आणि मध्यापासून कडेकडे गोल फिरवत एकदाच न्या. तो भाग पुन्हा वापरू नका, नवी घडी घ्या. एका पृष्ठाला अशा तीन-चार घड्या लागतात. तेलकट थर पहिल्या फेरीत फक्त पसरतो, निघतो तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. तेव्हा पहिल्यांदा काच आणखी घाण दिसली म्हणून घाबरून जोर लावू नका.

स्वच्छ झाली का हे पाहायला काचेवर हलकीच वाफ सोडा आणि टॉर्च तिरका धरा. वाफ एकसारखी कडेकडून मध्याकडे विरली तर काच साफ आहे. वाफ विरताना एखादी रेघ, बोटाचा ठसा किंवा पट्टा थोडा वेळ मागे राहिला तर तिथे अजून तेल आहे. नुसत्या डोळ्याला न दिसणारा डाग या एका फुंकरीत दिसतो.

बुरशीला नुसते अल्कोहोल पुरत नाही. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया सारख्या प्रमाणात, लागेल तेवढेच, चमचा-दोन चमचे, उघड्या भांड्यात मिसळा. टिश्यू त्यात ओला करून काचेवर दोन ते पाच मिनिटे ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याच्या टिश्यूने पुसा आणि शेवटी अल्कोहोल फिरवा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. ब्लीच जवळपासही नको. अमोनियात ब्लीच मिसळले की विषारी वायू तयार होतो. चिकटवलेल्या काचा कुठल्याच द्रवात बुडवू नका.

बुरशी निघाल्यावर तिच्या जागी फिकट रेघोट्या राहिल्या तर ते कोटिंग खाल्ल्याचे व्रण आहेत. ते घासून जात नाहीत. समोर सूर्य किंवा दिवा नसेल तर फोटोत दिसतही नाहीत. तिथे थांबा.

कोटिंगबद्दल एक सूचना. कार्ल त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या थराचे पेटंट १९३५ साली नोंदवले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले थर फार मऊ होते, नुसत्या कोरड्या कापडानेही ते खरवडतात. १९५० च्या आधीची लेन्स असेल तर ब्लोअर, ओला टिश्यू आणि अतिशय हलका हात, बस.

काचेच्या कडेचा काळा रंगही पाहा. अल्कोहोलने तो सुटला असेल तर काळ्या शाईने परत रंगवा. उघडी पांढरी कड आतल्या आत उजेड परतवते आणि लेन्स पुन्हा फिकी होते.

पाती

पाती सुटी करू नका. प्रत्येक पात्याला दोन बारीक खुंट्या असतात, एक स्थिर तबकडीत, दुसरी फिरत्या कडीच्या खाचेत. शेवटचे पाते पहिल्याखाली सरकवायचे असते आणि तेवढ्यात बाकीची सगळी उसळून बाहेर येतात. दोन्ही बाजूंच्या काचा काढलेल्या असतील तरच नॅफ्थाचे काही थेंब पात्यांवर सोडा, अ‍ॅपर्चर दहा-वीस वेळा उघडा-मिटा, सुटलेले तेल टिश्यूने टिपा. पाती मॅट आणि कोरडी दिसेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा, हेच करा. काचा परत लावण्याआधी सगळे पूर्ण उडू द्या. पात्यांना कोणतेही वंगण लावायचे नाही. ती कोरडीच चालतात.

हेलिकॉइड

फोकस खरखरत किंवा घट्ट फिरत असेल तरच इथे या. फोकसची कडी काढली की आतली नळी सरळ पुढे-मागे नेणाऱ्या दोन पट्ट्या दिसतात. त्यांवर डावी-उजवी अशी खूण करा, कारण प्रत्येक पट्टी आपल्याच खाचेत बेताने बसवलेली असते. लेन्स इन्फिनिटीवर असतानाच सर्व नळ्यांवर एका रेषेत ओरखडा काढा.

आता सावकाश फिरवत नळी बाहेर न्या. शेवटच्या वेढ्यापाशी आटे एकदम सुटतात आणि हाताला बारीकसा धक्का जाणवतो. त्याच क्षणी थांबा. नळ्या हलवू न देता सुटण्याच्या जागी दोघांवर एका रेषेत खूण करा आणि फोटो काढा. हेलिकॉइडचे आटे एकाच धाग्याचे नसतात, अनेक धागे शेजारी शेजारी असतात. त्यामुळे परत शिरवायच्या जागाही अनेक, आणि बरोबर फक्त एक. दुहेरी हेलिकॉइड असेल तर दोन्ही सांध्यांवर वेगवेगळ्या खुणा लागतात.

जुने ग्रीस नॅफ्था आणि लाकडी दातकोरणीने प्रत्येक आट्याच्या तळापासून काढा. काळपट चिखलासारखा थर निघतो, त्यात झिजलेल्या धातूची पूड असते, खरखर तिचीच. मग भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. नवे हेलिकॉइड ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढे घेऊन तीन-चार ठिकाणी लावा आणि नळी आत-बाहेर करून पसरवा. आट्यांवर ओलसर चमक दिसावी, थर दिसू नये. जास्तीचे ग्रीस काही काळाने पात्यांवर पोचते. गंज सोडवणारा स्प्रे, मशीनचे तेल आणि पेट्रोलियम जेली तिन्ही टाळा: पहिली दोन झिरपतात, तिसरी उकाड्यात पातळ होते.

परत शिरवताना खुणा समोरासमोर आणा, आधी किंचित उलटे फिरवा, आटे खाली बसल्याचा तोच धक्का हाताला लागेल, मग पुढे फिरवा. जोर लागत असेल तर जागा चुकली आहे. आटे वेडेवाकडे शिरले तर अ‍ॅल्युमिनियम कापले जाते आणि त्यावर उपाय नाही.

इन्फिनिटी जुळवणे

पट्ट्या बसवा, नळी इन्फिनिटीच्या ओरखड्यावर आणा आणि कॅलिपरने उंची मोजा. सुरुवातीला लिहिलेला आकडा ०.१ मिमीच्या आत जुळला तर आटे बरोबर शिरले. मोठा फरक असेल तर आटा एक घर चुकला आहे. नळी काढून शेजारच्या जागी शिरवा.

काचा बसवताना प्रत्येक पृष्ठाला ब्लोअर द्या आणि टॉर्चने पाहा. एखादा धागा दिसला तर कडी आवळण्याआधीच काढा. फोकसची कडी बसवून ग्रब स्क्रू नुसते टेकवा. लेन्स कॅमेऱ्याला लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लांबची वस्तू स्क्रीनवर मोठी करून फोकस नेमका करा. मग नळी हलू न देता फक्त कडी फिरवून तिची खूण सुरुवातीला लिहून ठेवलेल्या जागी आणा. एक ग्रब स्क्रू आवळा, पुन्हा तपासा, मग उरलेले दोन.

एम४२ माउंटची (कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारी) ऑटो लेन्स असेल तर मागची पिन बोटाने दहा-बारा वेळा दाबा. पाती दर वेळी एका झटक्यात मिटली आणि उघडली पाहिजेत. शेवटच्या एक-दोन वेळा रेंगाळली तर नॅफ्थाची आणखी एक फेरी बाकी आहे.